व्हिएतनामचं मावंदं

लोकांचे फॉर्म भरण्यात माझी अठरा वर्षं गेली. हिंगोलीत कोर्टाच्या समोरच्या ओळीत माझं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि ग्राहकांना बसायला एक बाकडं. त्यावर ग्राहक बसत नाहीत, त्यांच्या पिशव्या बसतात. पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पेन्शन, पासपोर्ट, काय म्हणाल ते मी भरून देते. अर्ध्या गावाच्या जन्मतारखा माझ्या हाताखालून गेल्या असतील. माझी जन्मतारीख मात्र कुणाला विचारावीशी वाटलेली नाही. तोंडावर मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठीमागे ‘फारमवाली बाई’. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, थोडं तक्रार म्हणूनच सांगते आहे.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. धाकटा भाऊ पुण्याला नोकरी करतो. स्टेशनच्या मागच्या कॉलनीत वडील आणि मी, असं आमचं घर होतं. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, म्हणजे आधी मी केलं नाही आणि नंतर कुणी विचारलं नाही. दुकान बंद करून घरी आलं की दारातच चप्पल काढता काढता मी म्हणायचे, ‘आले हो.’ वडील पेपरातून डोकं न काढता ‘हं’ म्हणायचे. एवढंच आमचं बोलणं, पण त्यावर दिवस मिटायचा.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यानंतर काही दिवस मी कुलूप उघडून रिकाम्या घरालाही ‘आले हो’ म्हणत होते. मग ते बंद झालं. कोणत्या दिवशी बंद झालं ते मला आठवत नाही आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

जेवताना समोर मोबाईल ठेवायची सवय तेव्हाच लागली. त्यात एकदा एका पोरीचा व्हिडिओ पाहिला. पाठीवर सॅक घेऊन ती एकटीच व्हिएतनाम फिरत होती, कमीत कमी पैशांत. त्याला बॅकपॅकिंग म्हणतात म्हणे. आमच्याकडे पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला हमाल म्हणतात. डोंगर, समुद्र, बाजार असं सगळं त्यात होतं, पण मी अडकले ते वेगळ्याच जागी. ती पोरगी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून वाडग्यातलं काहीतरी जेवत होती आणि आजूबाजूचं एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हतं. इथं मी एखाद्या हॉटेलात एकटी गेले की पोऱ्या पाणी ठेवायच्या आधी विचारतो, ‘अजून कोणी येणार हाय का?’ नाही म्हटलं की फॅमिली रूमकडे बोट दाखवतो. फॅमिली रूममध्ये मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. तिथं त्या रस्त्यावर एकटं जेवणं म्हणजे नुसतं जेवणं होतं. मला तसं एकदा जेवून बघायचं होतं.

माझी रीत अशी की आधी हिशेब आणि मग इच्छा. त्यामुळे जायचं ठरवायच्या आधी मी कॉम्प्युटरवर बजेट मांडलं. माझी एक आरडी पिकत आली होती, एक लाखाची. तीच हद्द. विमान, हैदराबादहून जाऊन-येऊन, तीस हजार. व्हिसा तेवीसशे. प्रवासाचा विमा सतराशे. हैदराबादपर्यंतची रेल्वे आणि वाटखर्च दोन हजार. सॅक आणि बूट पाच हजार. एक्केचाळीस हजार असेच उडाले. चौदा हजार ‘अडीअडचण’ म्हणून बाजूला काढले. त्यांना मेल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं, कारण आजवर माझ्याकडे आलेली एकही अडचण आगाऊ सांगून आलेली नाही. उरले पंचेचाळीस. रोजचे दोन हजार धरले. सहाशे झोपायला, सातशे जेवायला, सातशे हिंडायला. एकवीस दिवसांचे बेचाळीस हजार, आणि तीन हजार किरकोळ. लाख बराबर जुळले, तेव्हा मी एकटीच टेबलावर थाप मारली.

झोपायचे सहाशे म्हणजे खोली नव्हे, फक्त खाट. तिकडे एका मोठ्या खोलीत आठ-आठ खाटा असतात, वर चार, खाली चार, आणि एकेक खाट भाड्यानं मिळते. परक्या आठ बायका एका खोलीत झोपतात. व्हिडिओतली पोरगी म्हणत होती की थोडी गैरसोय होते, कुणी घोरतं, कुणी पिशव्या वाजवतं. मला मात्र घोरण्याच्या कल्पनेनंसुद्धा बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये अॅडमिशनचे फॉर्म, जुलैत पीकविमा. या दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतच मी एका दुपारी स्वतःचा पासपोर्टचा अर्ज भरला. पुढे चौकशीला पोलीस आला. मी दुकानात होते म्हणून त्यानं शेजारच्या काकूंना विचारलं आणि गल्लीभर बातमी झाली.

काकू म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. औंढ्याकडच्या एका खेड्यातल्या, शेत-शिवार लेकांच्या ताब्यात देऊन इकडे आलेल्या. पंचाहत्तरीच्या आसपासच्या, पण कान तीक्ष्ण. मी कुलूप उघडत होते तेवढ्यात त्या ओट्यावर आल्या.

‘काहून गं, कुठं चालली म्हने?’

‘व्हिएतनामला.’

‘सोबत कोन हाय?’

‘कुणी नाही.’

‘एकलीच?’ त्या ‘च’वर त्यांनी जेवढा जोर दिला तेवढा पोलिसानंही दिला नव्हता. मग म्हणाल्या, ‘देव कोनचा हाय तिथला?’

‘देवाला नाही चालले काकू. बघायला चालले.’

‘बरं बरं. जा माय. पन मावंद्याचं धरलं का न्हाई हिशेबात?’

मी हसले. घरात आले, दार लावलं आणि मग हसू राहिलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कुणी काशीला किंवा लांबच्या यात्रेला जाऊन आलं की गावाला जेवण घालतं. ते मावंदं. मी सात-आठ वर्षांची असताना माझे थोरले चुलते काशी करून आले. ते आणि चुलती गावाबाहेर मारुतीपाशी थांबले आणि त्यांना आणायला सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. हलगी होती. बायकांनी त्यांच्या पायावर पाणी घातलं. ज्यांच्याशी चुलत्यांचा बांधावरून वाद होता तेसुद्धा पाया पडले. चार दिवसांनी मावंदं झालं आणि काशीला गेले त्याच्या तिप्पट पैसे त्या एका दुपारी गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वडील त्यावरून चुलत्यांना आयुष्यभर चिडवत राहिले. पण मला त्या वेशीचं फार होतं. माणूस गेलेला होता आणि आता आला, हे एवढ्या जणांनी मिळून बघितलं होतं. नुसतं घरात शिरणं म्हणजे काही परत येणं नव्हे, असं मला तेव्हापासून वाटतं.

इंटरनेटवर मी परदेश प्रवासाच्या बजेटचे पन्नास तरी तक्ते पाहिले होते. त्यांत औषधं होती, मोबाईलचं सिम होतं, कपडे धुण्याचे पैसेही होते. मावंदं कुणाच्याच तक्त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी माझ्या तक्त्यात एक ओळ वाढवली. ‘मावंदं’ असं लिहिलं आणि पुढचा रकाना रिकामा ठेवला.

मग रकाना भरायचा म्हणून माणसं मोजायला बसले. काकू आणि त्यांच्या घरातले दोघं. भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं, आले तर. दूधवाला. समोरचे वकीलसाहेब, ज्यांचे मी कागद झेरॉक्स करते, आणि त्यांच्या सौ. शाळेतली एक मैत्रीण, जिचा फोन दरवर्षी संक्रांतीला येतो. अकरा झाले. मी बराच वेळ बारावं माणूस शोधत होते. शेवटी दूधवाल्याच्या बायकोला धरावं का, असा विचार आला आणि मलाच माझी लाज वाटली.

तरी जिद्द म्हणून एका आचाऱ्याला फोन केला. लग्नाकार्यात त्याचं नाव आहे.

‘किती पानं हायेत ताई?’

‘अकरा.’

तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. ‘अकरा पानाला भट्टी पेटत न्हाई. पन्नासच्या खाली आपुन काम घेत न्हाई. अकराचं तं तुमी घरीच कुकरवर करताल.’

‘पन्नासचे किती?’

‘बुंदी धरून सोळा हजार. मांडव तुमचा.’

शहाणी बाई असती तर तिनं तिथंच ती ओळ पुसली असती. मी सोळा हजार लिहिले. सोळा हजार म्हणजे रोजच्या दोन हजारांप्रमाणे आठ दिवस. अडीअडचणीला हात लावायचा नव्हता, विमान कमी होणार नव्हतं, म्हणून मी दिवस कापले. उत्तरेकडचे डोंगर गेले. होड्यांचा तो समुद्र गेला. मधलं एक जुनं शहर गेलं. एकवीसचे तेरा झाले. ज्या गावात मला कुणी ओळखत नाही अशा गावात एकटीनं जेवायला मी निघाले होते आणि त्यातले आठ दिवस विकून मी माझ्या गावातली पन्नास माणसं जेवायला बोलावत होते. आणि ती पन्नास माणसंही माझ्याकडे नव्हती. उरलेली एकोणचाळीस मी दुकानातल्या रजिस्टरमधून निवडायला लागले. ज्यांचं काम पटकन झालं होतं ते येतील, ज्यांचा विमा मंजूर झाला ते येतील. तीन दिवस मी ही यादी करत होते. चौथ्या दिवशी यादीतला एक गृहस्थ दुकानात आला, मी हसून बघितलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, तुमी इथं नव्या आल्यात का? आधीच्या मॅडम चांगल्या होत्या.’ आधीची मॅडम मीच होते. चष्मा तेवढा नवा होता.

यादी मी ड्रॉवरमध्ये टाकली. पण ओळ पुसली नाही.

नोव्हेंबर लागला. विमान जानेवारीचं होतं, म्हणून मी विम्याचा फॉर्म उघडला. नॉमिनीचा रकाना आला. भावाला फोन केला.

‘माझं टाक की ताई, त्यात काय विचारायचं,’ तो लगेच म्हणाला. मी मेले तर पैसे कुणाला, हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. पुढचा रकाना होता, अडचण आली तर फोन कुणाला करायचा.

‘तो पण तुझाच टाकू?’

‘माझा नको गं. ऑफिसात फोन सायलेंट असतो, तुला माहितीये. हिचा टाक. थांब, हिला विचारून सांगतो.’

आठवडा झाला, त्याचा फोन आला नाही. तो वाईट माणूस नाही. विसरला. विसरला हे मला माहीत होतं आणि आठवण करून द्यायला माझा हात फोनकडे जात नव्हता. विमानाला काय झालं, मी रस्त्यात पडले, तर फोन वाजेल तो कुणाच्या घरी, एवढंच विमेवाले विचारत होते. मी रकाना मोकळा सोडून पुढे जायला बघितलं. लाल अक्षरं आली. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल अक्षरं.

त्या लाल अक्षरांची मला चांगली ओळख आहे. अठरा वर्षं मी टेबलापलीकडच्या माणसांवर ओरडत आले आहे. ‘रकाना रिकामा ठेवता येत नाही, मशीन पुढं जात नाही, सांगा लवकर, मागं रांग आहे.’ आणि तेव्हाच मला मागच्या नोव्हेंबरातले एक काका आठवले.

हे काका वारंगा फाट्याला राहतात, एका टायरच्या दुकानामागच्या खोलीत. पाटबंधारे खात्यात शिपाई होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्याकडे येतात, म्हणजे आपण जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा लावून सरकारला सांगायला. त्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या, मशीन त्यांना ओळखतच नाही. मी बोटाला थोडं खोबरेल लावायला देते, पुसायला लावते, पुन्हा दाबायला लावते. मागच्या वर्षी दाखल्याबरोबर पेन्शनचा वारसदाराचा कागदही भरायचा होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी म्हणाले, ‘कुणाचं तरी नाव सांगा ना काका.’ त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘तुमचंच टाका.’

मी चिडले. ‘असं चालत नसतं! मी तुमची कोण?’ असं भरल्या दुकानात म्हणाले. लोक हसले.

‘बरं. मंग ऱ्हाऊ द्या,’ असं म्हणून त्यांनी कागदाची घडी केली, टोपीत ठेवली आणि गेले. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी लाल अक्षरांपुढे बसल्यावर वाटलं, आणि इतकं वाटलं की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

फॉर्म तसाच ठेवला आणि त्यांची वाट बघत राहिले. महिना संपायला चार दिवस असताना ते आले. खोबरेल झालं, पुसणं झालं, पाचव्यांदा मशीननं त्यांना जिवंत धरलं. पावती हातात देऊन मी म्हणाले, ‘काका, थोडं काम आहे तुमच्याकडे. बसा.’ बाकड्यावरच्या पिशव्या मी स्वतः बाजूला केल्या.

सगळं सांगितलं. व्हिएतनाम, विमा, रकाना. आणि मागच्या वर्षीचंही. ‘मी तुम्हाला तेव्हा नीट बोलले नाही,’ असं म्हणाले. त्यावर त्यांनी हात झटकला.

‘म्हंजे मला काय करा लागंल?’

‘काही नाही. मला तिकडे काही झालं तर तुम्हाला फोन येईल.’

‘मंग?’

मग काय, हे मलाही माहीत नव्हतं. ‘मग तुम्ही फोन उचलायचा,’ मी म्हणाले.

‘उचलंल की. माझ्याकडं दुसरं काय काम हाय.’ त्यांनी नंबर सांगितला, एकेक आकडा बोट मोडत. मी टाकला. खाली ‘नातं’ असा रकाना होता, त्यात पर्याय दिलेले. मी ते वाचून दाखवले. पती, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर.

‘इतर टाका,’ काका म्हणाले. ‘आपुन दोघंबी इतरच.’

मी इतर टाकलं. लाल अक्षरं गेली. मला वाटलं ते उठतील, पण ते बसून राहिले आणि मग त्यांनी विचारलं, ‘वापस कवा येनार?’

चार महिने झाले होते मला सांगत सुटून. पोलीस, काकू, वकीलसाहेब, बँकेतला पोरगा, सगळ्यांनी विचारलं होतं, सोबत कोण, काहून, किती खर्च, पोटात दुखलं तर काय. परत कधी येणार, असं काकांच्या आधी कुणी विचारलं नव्हतं. मी स्क्रीनवर तिकीट उघडलं आणि म्हणाले, ‘मंगळवारी. हैदराबादच्या गाडीनं.’ कोणता मंगळवार ते त्यांनी माझ्याकडून पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.

ते गेल्यावर मी बजेट उघडलं आणि मावंद्याची ओळ पुसली. आठ दिवस परत आले. डोंगर आले, होड्या आल्या. तिकीट मी मुळातच एकवीस दिवसांचं काढलेलं होतं, तारखा बदलायचे पैसे फार पडतात म्हणून तसंच राहिलं होतं. कंजूषपणा कधीकधी उपयोगी पडतो.

निघायच्या आदल्या दिवशी सॅक भरली. जेवणाचा खर्च वाचावा म्हणून वीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घेतलं. विमानात सात किलोच फुकट नेता येतात, म्हणून सॅक घेऊन हळदीच्या बाजारातल्या एका ओळखीच्या अडतीवर गेले आणि काट्यावर ठेवली. हमाल ओरडला, ‘आठ किलो चारशे!’ मी घाबरले. तो म्हणाला, ‘काहून घाबरून राहिल्या? बारदान न्हाई का वजा करायचं?’ बारदान म्हणजे रिकामं पोतं. आमच्या बाजारात मालाच्या वजनातून पोत्याचं वजन वजा करतात, हे दूध पिणाऱ्या पोराला कळतं. त्यानं हातानं सॅकचा अंदाज घेऊन एक किलो चारशे वजा केलं. सात बराबर. मी खुशीत घरी आले.

हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, वजन जास्त आहे. मी म्हणाले, ‘बारदान वजा करा ना.’ तिला हिंदीत समजावलं, मग माझ्या इंग्रजीत समजावलं. तिनं पैशांचा आकडा सांगितला. मी बाजूला झाले, एक जास्तीचा ड्रेस अंगातल्या ड्रेसवर चढवला, लोणचं टाकून दिलं आणि खांबाला टेकून बसून जमतील तेवढे धपाटे खाल्ले. एकवीस दिवसांचा हिशेब करणारी बाई पहिल्याच दुपारी स्वतःच्या बाजारानं बुडवली.

व्हिएतनामचं मी फार सांगणार नाही. सुंदर आहे. बुटक्या स्टुलावर बसून मी जेवले, पहिल्याच दिवशी. कुणीही बघितलं नाही. पहिले चार दिवस ते मला फार आवडलं. पाचव्या दिवशी मीच आजूबाजूला बघायला लागले, कुणी बघतंय का म्हणून. आठ खाटांच्या खोलीत पोरी घोरायच्या आणि मला गाढ झोप लागायची. त्या सकाळी उठून जायच्या आणि खाटेवर दुसरी यायची. एकीनं मला विचारलं, घरी कोण आहे. मी म्हणाले, ‘एक काका आहेत.’ खोटं नव्हतं. पैसे पुरले. अडीअडचणीचे चौदा हजार तसेच परत आणले.

परतीचं विमान मंगळवारी रात्रीचं होतं आणि हैदराबादला उतरेपर्यंत बुधवार लागला होता. तिथून रेल्वेनं हिंगोली यायला दुपार टळली. हे सगळं तिकिटावर छापलेलं होतं. लोकांच्या तारखा अठरा वर्षं तपासणाऱ्या बाईनं काकांना निघायची तारीख सांगितली होती, पोचायची नव्हे. आणि हे माझ्या ध्यानात आलं गाडीतून उतरून, फलाटावर उभं राहिल्यावर.

फलाट रिकामा होता. दोन माणसं उतरली ती रूळ ओलांडून निघूनही गेली. काका येतील असं ते म्हणाले नव्हते, मीही या म्हणाले नव्हते. तरी सगळ्या गाडीत मी खिडकीच्या बाजूला बसून आले होते. मी सॅक खाली ठेवली. फार एकटं वाटलं, तिकडे एकवीस दिवसांत वाटलं नव्हतं तेवढं.

चहाच्या टपरीवाल्यानं माझ्याकडे, मग सॅककडे बघितलं.

‘मॅडम, तुमी व्हिएतनामच्या का?’

‘का हो?’

‘काल एक म्हातारं आलतं. वारंग्याहून आलो म्हने. सकाळच्या गाडीपासून त्या बाकावर बसून होतं, कागद हातात धरून. प्रत्येक गाडीला उठायचं, डबे बघायचं अन् परत येऊन बसायचं. मला म्हने, व्हिएतनामची बाई कोन्या गाडीनं येती? मी म्हनलं बाबा, तिकडची गाडी इकडं येत न्हाई.’

‘कधी गेले?’

‘संध्याकाळची गाडी बघून गेलं. शेवटची बस धरायची म्हने.’ तो गाळणी झटकत होता. ‘दोन चहा पेलं अन् तीनाचे पैसे दिले. म्हने, ती आली की तिला पाजा, लांबून येनार हाय.’

त्यानं चहा समोर ठेवला. मावंदं जाऊन आलेल्यानं घालायचं असतं. इथं उलटंच झालं होतं. मी बाकावर बसून तो चहा प्याले. फार गोड होता आणि मी तळाची साखरही सोडली नाही.

मग सॅकच्या कप्प्यातून माझं जुनं सिम काढलं, फोनमध्ये घातलं आणि नंबर लावला. तीन-चार रिंग झाल्या. त्यांनी उचलला, पण बोलले नाहीत. विमेवाल्यांचा असेल असं वाटून घाबरले असावेत.

‘काका,’ मी म्हणाले, ‘आले हो.’



‘मंगळवार म्हनल्या होत्या तुमी,’ ते म्हणाले.